काकूंच्या दारावरची नोटीस

नवागाममधल्या आमच्या गल्लीत कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. लाइटबिल, शाळेची चिठ्ठी, दवाखान्याचा रिपोर्ट, काहीही आलं की लोक आमच्या दारात यायचे. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. लूमखात्यात यंत्रमाग चालवणाऱ्या वडिलांना त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

शेजारच्या काकूंनी घरावर पत्र्याची एक खोली चढवली होती. गल्लीत परवानगी कोणीच काढत नाही, त्यांनीही काढली नव्हती. त्या खोलीत काकू आणि आणखी चार बायका दुपारभर साड्यांवर स्टोन चिकटवायच्या. काका गेल्यापासून त्यांचं घर त्याच कामावर चाललं होतं.

एका सकाळी पालिकेची माणसं दारावर नोटीस चिकटवून गेली. काकूंनी ती अलगद सोडवून माझ्याकडे आणली.

"काय लिखेल शे वं त्यामा?"

इथल्या सगळ्या सरकारी कागदांसारखी नोटीस गुजरातीत होती, पण मला वाचता येत होती. वरची खोली विनापरवाना आहे, अमुक तारखेला घराचे कागद घेऊन झोन ऑफिसात सुनावणीला हजर राहा, नाहीतर सील लागेल, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

"कॉलेजनी पोर, अन् एक कागदले इतला येळ?" काकू हसल्या.

"काही नाही काकू, अशा नोटिसा सगळ्यांना येतात," मी म्हणाले. "एकदा ऑफिसात जाऊन यावं लागेल. माझी परीक्षा झाली की नेते तुम्हाला."

सुनावणी परीक्षेच्या आधीच होती. पण खरं कारण परीक्षा नव्हतंच. नोटीस येण्याआधी एका दाखल्यासाठी मी सरकारी ऑफिसात गेले होते. खिडकीपुढे माझी गुजराती अडखळली, रांगेतलं कोणीतरी हसलं, आणि मी दाखला न घेताच परत आले. घरी हे सांगितलं नव्हतं. ज्या मुलीला सगळं कळतं असं गल्ली समजते, तिला खिडकीची भीती वाटते, हे काकूंना कसं सांगणार? सुनावणीच्या दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून होते. पुस्तक उघडं होतं, एवढंच.

काही आठवड्यांनी कॉलेजातून आले तर खोलीला सील लागलेलं. अर्ध्या झालेल्या साड्या आतच होत्या. बायका खाली ओट्यावर बसून बोटांवरचा वाळलेला गोंद खरवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन मी झोन ऑफिसात गेले. साहेबांनी फाइल उघडली.

"बेन, सुनावणीमां केम न आव्या?"

सुनावणी होती हे काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मेरी भूल, साहेब," त्या म्हणाल्या. "मैं ही भूल गई."

खोली स्वतःहून उतरवून घेऊ असं लिहून दिलं, तरच सील उघडणार होतं. ते मीच लिहिलं. कागद घेताना साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, "अक्षर सारा छे." काकूंनी एकेक अक्षर जोडत सही केली.

परत येताना रिक्षात मी म्हणाले, "काकू, मी तारीख वाचली होती."

"माले समजनं ते," त्या म्हणाल्या. "मंग बोलनी का नै वं?"

मी पुढे वाकून रिक्षावाल्याला आमच्या गल्लीचं वळण दाखवलं.

मागच्या गल्लीत तशीच एक पत्र्याची खोली आजही उभी आहे. तिलाही तेव्हाच नोटीस आली होती. त्या घरचा माणूस सुनावणीला जाऊन उभा राहिला. त्याला मुदत मिळाली, मग अर्ज, मग पुढची तारीख. त्याची फाइल अजून चालूच आहे.

खोली उतरवली तेव्हापासून काकू दुसऱ्यांच्या कारखान्यात साड्यांचे धागे कापायला जातात. परवा त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून लाइटबिल वाचून घेत होत्या. मला पाहून हसल्या. "सुटनं का कॉलेज?" म्हणाल्या, आणि बिलाची घडी करून पिशवीत ठेवली.