आधी वैरी म्हणायला शिकले

मी सांबार नुसतं ढवळलं होतं. तळाला लागत होतं म्हणून. आक्का मिठाचा डबा घेऊन आल्या, माझ्या हातातली पळी बघितली आणि अख्खं पातेलं गटारीत ओतलं. व्हरांड्यात पोरं ताटं घेऊन बसली होती. सगळ्यांनी बघितलं. मग ते पातेलं त्यांनी घासायला माझ्यापुढं सरकवलं. मी घासलं.

निपाणीजवळच्या आमच्या गावची सरकारी शाळा. दुपारचं जेवण, त्याला इकडं बिसीऊट म्हणतात, ते शिजवायला आम्ही दोघी. कागदावर दोघीही स्वयंपाकीण. पण आक्का शेतकऱ्याच्या घरातल्या, त्यामुळं चूल त्यांची. माझ्या वाट्याला तांदूळ निवडणं, झाडलोट, भांडी. आजोबांच्या काळात आमचं घर ख्रिस्ती झालं. आम्ही जात सोडली. गावानं ती आमच्यासाठी जपून ठेवली.

रविवारी मी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभी राहून साक्ष दिली. माझा अपमान झाला, पण त्या बाईला मी क्षमा केली, असं म्हणाले. मंडळी आमेन म्हणाली. पाळकांनी डोक्यावर हात ठेवला. सांगायला लाज वाटते, पण घरी जाताना मी ताठ मानेनं चालत होते.

क्षमा कसली? मी भ्याले होते. नवऱ्याचं तंबाखूच्या वखारीतलं काम हंगामापुरतं. पोटावर पाय येईल म्हणून तोंड मिटलं आणि त्या भीतीला प्रेम म्हटलं.

पुढं एकदा भाताची पेज ओतताना आक्कांचा हात भाजला. मी धावले. नळाखाली त्यांचा हात धरला, माझा पदर भिजवून गुंडाळला. त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होत्या. भात तयार होता, पोरं ताटकळली होती. आक्कांना खाली बसवून मी पातेल्याकडं वळले, तर मागून त्यांचा आवाज आला.

"तू ऱ्हाऊ दे गं. सर वाढतील. भाताला हात लावू नगंस."

भाजलेल्या हाताला माझा हात चालला. भाताला चालला नाही. हेडमास्तर तिथंच होते. मान खाली घालून त्यांनी वाढायला घेतलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आक्कांची नाही, मला माझीच लाज वाटली. तोंडात मारल्यासारखी.

घरी सासूबाई म्हणाल्या, बोलण्यानं अंगाला भोकं पडत नाहीत, सोडून दे. सोडत सोडतच इथवर आले होते.

प्रार्थनेला बसले आणि आक्कांचं नाव घेताना अडखळले. प्रभूनं वैऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय. मी तर त्यांना कधी वैरी म्हटलंच नव्हतं. बिचाऱ्या चांगल्या आहेत, लोकांच्या धाकानं करतात, असंच म्हणत आले. प्रभूनं मात्र वैऱ्याला वैरीच म्हटलं. प्रेमाचं नंतर सांगितलं. मी मोठ्यानं म्हणाले, ही बाई माझी वैरी आहे. मग त्यांचा हात बरा व्हावा म्हणून मागितलं. इतक्या दिवसांत तेवढी एक प्रार्थना खरेपणानं झाली.

दुसऱ्या दिवशी आक्का हाताला पट्टी बांधून आल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आक्का, तुमच्या हातासाठी प्रार्थना केलीया. पण आज भात मी वाढणार."

आणि वाढला. काही पोरं उठून गेली. बाकीची जेवली. एका मुलीनं पुन्हा मागून घेतला.

तक्रार झाली. उद्या शाळेच्या कमिटीनं बोलावलंय. माफी माग, काम टिकेल, असा निरोप हेडमास्तरांनी धाडलाय. पाळकही म्हणतात, प्रेमानं नमतं घे.

मी जाणार आहे. आक्का असतील, तर हात कसा आहे ते आधी विचारीन. माफी मागणार नाही. कमिटीला म्हणेन, मला काढायचं असेल तर पोरांसमोर काढा. आणि का काढलं, तेही त्यांना तुमच्याच तोंडानं सांगा.