मिरोफोराचा घडा

देस्पुला तोंडाळ आहे असं गाव म्हणायचं, आणि ते खोटं नव्हतं. नवऱ्याची शवपेटी दारातून निघाली तेव्हासुद्धा उचलणाऱ्यांना तिनं "उंबरा सांभाळा, मेल्यांनो" म्हणून झापलं होतं. पण एका विषयाला ही बाई कधी हात घालायची नाही, तो म्हणजे लेकीचं लग्न. मिरोफोरा शेहेचाळीसची झाली होती. ती जन्मली त्या साली बापानं गोड वाइन एका घड्यात भरून, तोंडाला माती-मेणाचा लेप देऊन घडा जिन्याखाली ठेवला होता. तो लेप लग्नातच फोडायचा, आईनं वधूवरांची नावं पुकारायची आणि जमलेल्यांनी "जगोत!" म्हणायचं, अशी त्या डोंगरातली रीत. गावातले बाकीचे घडे केव्हाच उघडले आणि पिऊन झाले, त्यांत आता बायकांनी फुलझाडं लावली होती. उरला होता हा एकटा. देस्पुला दर शनिवारी तो फडक्यानं पुसायची.

डोंगराखाली लिमासोलच्या बंदराला क्रूझचं जहाज लागलं की हाम्बिस बसवाला तीसेक प्रवासी वर देस्पुलाच्या घरी घेऊन यायचा. अंगणात बसवून मिरोफोरा त्यांना तीन प्याले चाखायला द्यायची. पहिले दोन कुठंही मिळतील असे. तिसरा थोरल्या रांजणातला, ओगराळ्यानं काढलेला. त्या रांजणाला तिकडं 'माना' म्हणतात, म्हणजे आई. तो कधी रिकामा करायचा नसतो. विरजण राखतात तशी जुनी वाइन तळाला राखायची आणि दरसाल नवी तिच्यावर ओतायची. तिसऱ्या प्याल्यावर त्या घराची चूल पेटायची, आणि मिरोफोराचं सगळं आयुष्य त्या रांजणाभोवतीच गेलं होतं.

ऑक्टोबरात रात्री भूकंपाचा बारीकसा धक्का बसला. सकाळी मिरोफोरा तळघरात उतरली तर पायाखाली चिकचिक. रांजण वरपासून बुडापर्यंत चिरला होता.

"किती उरलीय?" देस्पुलानं वरून विचारलं.

"वास उरलाय."

द्राक्षांचं वाळवण नुकतंच उरकलं होतं, नवी वाइन तयार होत आली होती, आणि तिला विरजण नव्हतं. शेजारी मागावं तर सगळ्यांनी रांजण विकून द्राक्षं कारखान्याला घालायला घेतलेली. जुनी म्हणावी अशी वाइन आता घरात एकाच ठिकाणी होती.

दोघींच्या मनात ते एकदमच आलं आणि दोघींनी तोंडाला कुलूप लावलं. मिरोफोरा मागेना, कारण मागणं म्हणजे 'आई, माझं लग्न आता होत नाही' असं सांगणं. देस्पुला देईना, कारण देणं म्हणजे तेच पोरीला तोंडावर ऐकवणं.

"बस येऊ नको म्हणून सांगू का?" मिरोफोरा म्हणाली.

"कशाला? दोन प्याले दे. तिसऱ्याच्या बदली बदाम दे."

जरा वेळानं देस्पुला म्हणाली, "जिन्याखाली झाडलंस का?"

"झाडलं."

"घडा पुसलास?"

"शनिवारी तूच पुसलास ना."

"पुसलाय खरा."

ताकाला जाऊन दोघी भांडं लपवत राहिल्या, तोवर बस आलीसुद्धा.

"देस्पुला मावशी, आजचं गिऱ्हाईक सोन्यासारखं," हाम्बिस उतरता उतरता म्हणाला. "सगळ्यांचे गुडघे गेलेत. बसले की उठत नाहीत."

दोन प्याले झाले. मोठी हॅट घातलेल्या एका बाईनं जिन्याखाली बोट दाखवून काहीतरी विचारलं. दर बसमध्ये कुणीतरी विचारायचंच, आणि उत्तरही ठरलेलं होतं. हाम्बिसनं ते देस्पुलाला न विचारताच देऊन टाकलं. तेल आहे, ऑलिव्हचं.

"तेल नाही," देस्पुला म्हणाली. "माझ्या लेकीच्या लग्नाची वाइन आहे. सांग त्यांना."

हाम्बिसनं आधी आईकडं बघितलं, मग लेकीकडं. "मावशी, खरंच सांगू?"

"इतकी वर्षं माझं चीज फुकट खातोयस. सांग!"

त्यानं सांगितलं. हॅटवाली खूश झाली आणि लग्न कधी आहे म्हणून विचारती झाली. याचं मात्र हाम्बिसनं भाषांतर केलं नाही. पण मिरोफोराला इंग्रजी येत होतं.

"नाहीये," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. मग आईकडं वळून आपल्या भाषेत म्हणाली, "नाहीये गं, आई."

"मला माहीत नाही होय? तुला कसं सांगू म्हणून गप्प होते."

"आणि मी तुला."

"दोघी येड्या," देस्पुला म्हणाली. "जा, हातोडी आण."

लेप फुटला. आतली वाइन काळसर आणि दाट निघाली. हाम्बिसनं प्रवाशांना रीत समजावली, काय ओरडायचं ते दोनदा घोकून घेतलं. देस्पुलानं पहिला प्याला उचलला. हे पुकारणं तिनं मनात किती वेळा म्हटलं होतं, दरवेळी एका नावापुरती जागा सोडून. आज तिनं जागा सोडली नाही.

"मिरोफोरा!"

"जगो!" तीस माणसं वेड्यावाकड्या उच्चारांत ओरडली. सगळ्यात मोठा आवाज हाम्बिसचा होता.

प्रत्येकाला घोटघोटच मिळाला. एका म्हाताऱ्यानं प्याला पुन्हा पुढं केला, तेव्हा देस्पुलानं घड्यावर हात आडवा धरला. "पुरे म्हणावं. बाकीची विरजणाला."

बस गेल्यावर माळ्यावरचा आजेसासूचा रांजण दोघींनी खाली उतरवला, धुतला, आणि घड्यातली वाइन त्याच्या तळाला घातली.

शनिवारी देस्पुला फडकं घेऊन जिन्याखाली गेली. तिथं फरशीवर घड्याचा गोल डाग तेवढा होता. ती तशीच तळघरात उतरली आणि आजेसासूचा रांजण पुसायला लागली.

"अगं, त्याला काय पुसतेस? परवा तर धुतलाय," मिरोफोरा म्हणाली.

"तू गप," देस्पुला म्हणाली. "तुझं नाव पुकारलंय त्याच्यावर."