इंदूआत्याची शेवटची तपासणी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या देवरूखच्या दुकानात दाखल्यांच्या झेरॉक्ससाठी गर्दी उसळली होती, तेव्हा फोन वाजला. पलीकडे सिस्टर रेश्मा होती. "सर, गाडी चालवताय काय?" तिने आधी विचारलं. मी म्हटलं, नाही, दुकानात आहे. "मग बसा जरा." मी स्टुलावर बसलो. "बाई गेल्या. आत्ताच. मी जवळच होते, हात माझ्याच हातात होता. दुखत नव्हतं त्यांना." एवढं बोलून ती थांबली, मला ते नीट ऐकू जावं म्हणून... मग म्हणाली, "सावकाश या. तुम्ही येईस्तोवर आम्ही बाईंना एकटं ठेवणार नाय." दुकानातल्याच एका गिऱ्हाईक बाईने मशीन बंद केलं आणि मला पाणी दिलं. रत्नागिरीला जाताना गाडीत माझ्या लक्षात आलं की मला जे काही विचारायचं होतं, ते रेश्माने न विचारताच सांगून टाकलं होतं. या गोष्टीला आता सात आठवडे होतील, आणि एवढ्या दिवसांत मी त्या फोनबद्दल तिचे आभार मानलेले नाहीत. ते राहून गेलं म्हणूनही हे लिहितो आहे.

बाई म्हणजे माझी इंदूआत्या. माझे वडील मी सहावीत असताना गेले. त्यानंतर मला वाढवलं ते आईने आणि वडिलांच्या या धाकट्या बहिणीने. तिने लग्न केलं नाही. जिल्हा परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून ती निवृत्त झाली. म्हणजे शाळा तपासायच्या. एसटीने आणि पुढे पायी ती डोंगरातल्या वाड्या गाठायची, आणि नेमकी मधल्या सुट्टीत पोचायची. पुढच्या दाराशी रांगोळी, हार, सरपंच वगैरे तयारी असली तरी ती तिकडे फिरकायची नाही. आधी शाळेच्या मागे जायची, पाण्याचं पिंप उघडून बघायची, मग वर्गात शेवटच्या रांगेत जाऊन बसायची आणि सगळ्यात कच्च्या पोराशी गप्पा मारायची. शिक्षक मंडळी तिला तिच्या पाठीमागे 'मागलं दार' म्हणायची, आणि हे तिला माहीत होतं. "माझ्यासाठी काढलेली रांगोळी बघून मला काय कळणार रे?" ती म्हणायची. "मी नसताना तिथे काय असतं ते बघायचं." स्वभावाने फटकळ, खाण्यापिण्यात कर्मठ. आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही. बाजारात मासळीवाल्या बसतात त्या बाजूने ती जन्मात गेली नाही. जावंच लागलं तर नाकाला पदर लावून अर्धा फर्लांग श्वास रोखायची आणि मग चारचौघांत त्याचं वर्णन करून आम्हाला लाज आणायची.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला उपचार झाले, आणि एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की आता बरं करण्याचं औषध उरलेलं नाही, यापुढे दुखणार नाही एवढं बघायचं. आत्याने मान डोलावली. परतीच्या वाटेवर गाडीतच म्हणाली, "अशा लोकांना सांभाळणारं काहीतरी रत्नागिरीकडे निघालंय म्हणतात. बघून येऊ." मी हो म्हटलं, आणि गेलो नाही. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. आमच्याकडे असल्या जागेला लोक 'मरायला नेऊन ठेवतात ते' म्हणतात. जिने मला वाढवलं तिला मी शेवटी बाहेर टाकली असं देवरूखच्या बाजारात बोललं जाईल, हा विचारच मला सहन होईना. म्हणून मी यादी करायला घेतली. इंटरनेटवरून, ओळखीच्या डॉक्टरांकडून, असे करत करत सव्वीस प्रश्न जमवले. एका नर्समागे किती रुग्ण, रविवारी डॉक्टर असतात का, ऑक्सिजन, जनरेटर, रॅम्प... रोज एक प्रश्न वाढायचा आणि रोज जाणं एक दिवस पुढे जायचं. आत्या दुकानामागच्या तिच्या खोलीत पडून असायची. मी सकाळी चहा घेऊन गेलो की "बरं आहे" म्हणायची. हूं नाही की चूं नाही. मी आणि माझी बायको स्मिता एकमेकांना सांगायचो, गोळ्या लागू पडल्या. एका सकाळी मात्र तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "झाली का रे प्रश्नपत्रिका? परीक्षा कधी घेणार, मी गेल्यावर?"

त्याच आठवड्यात निघालो. मागच्या सीटवर गादी टाकून ती आडवी, स्मिता तिच्या पायांशी. पहिलं ठिकाण लांबच्या एका शहरात होतं. त्याचं नाव-गाव सांगत नाही, कारण तिथली माणसंही वाईट नव्हती. काचेचं दार, चकचकीत फरशी, माझ्या सव्वीसपैकी पंचवीस प्रश्नांना 'हो'. एकसारख्या पांढऱ्या चादरी सगळ्यांच्या हनुवटीपर्यंत ओढलेल्या, कुठे आवाज म्हणून नाही. मला मनातून सुटल्यासारखं झालं. आत्याने व्हीलचेअरवरून एकच विचारलं, "जेवण किती वाजता?" सात वाजता, मऊ भात नि वरण, सगळ्यांना वेळेवर. "आणि कुणाला आठ वाजता भूक लागली तर?" तिथली मुलगी गोंधळली. "किचन बंद होतं ना, मॅडम." गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली, "शिस्त छान आहे." तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलेले शिक्षक बदलीचा अर्ज लिहायला घ्यायचे, त्यामुळे मी यादी मुकाट्याने खिशात घातली.

दुसरं ठिकाण रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना आत वळल्यावर लागतं. कलमांच्या बागेत बैठं कौलारू घर, दहा खाटा. आत्याने तिथे न कळवताच मला जायला लावलं, तेही दुपारी अडीचला, आणि गाडी मागच्या बाजूला घ्यायला लावली. दार उघडलं आणि खारा बांगडा भाजल्याचा असा वास आला की स्मिताने नाक दाबलं. मी तिथल्या तिथे या जागेवर काट मारली. मागच्या अंगणात उन्हात एक नर्स उकिडवी बसून निखाऱ्यावर बांगडा परतत होती. घामाने चिंब. तीच रेश्मा. आत्याने गाडीतूनच हाक मारली. "काय गं, तुमचं जेवण व्हायचंय वाटतं?"

"माझं नाय वो, चाचांचं," ती म्हणाली. "मिरकरवाड्याचे इब्राहिमचाचा. जल्म बोटीवर गेला त्यांचा. घशात आजार हाय, पाणी पन उतरत नाय. पन दुपारी बांगड्याचा वास घेतला की झोपतात बगा दोन तास. बशी नाकाखाली धरायची, बस."

"आणि मग तो मासा?"

"मग मी खाते," रेश्मा म्हणाली, आणि लाजली.

आत्याला हसू आलं. पोटावर हात धरून ती हसली. कित्येक दिवसांनी हसली होती. "हे करायला कुणी सांगितलं तुला?" "सांगायला कशाला होवं? डॉक्टरांना इचारलं. ते म्हणाले, आत धूर नको, भायेर भाज." मग आत्या व्हीलचेअरवरून आत गेली, चाचांना पाहून आली. त्यांना भेटायला येणारं कुणी नव्हतं, एकुलता मुलगा आखातात होता. पण दाढी गुळगुळीत केलेली, नखं कापलेली, ओठ ओले. परत गाडीशी येऊन ती म्हणाली, "मी इथे राहते." मी म्हटलं, "अगं पण आत्या, हा वास तुला..." "त्या माणसासाठी ती पोर उन्हात बसली होती," ती म्हणाली. "मला नाही का सांभाळणार? हा प्रश्न होता का तुझ्या यादीत?" नव्हता. बाकीचे सव्वीस मी मग विचारलेच नाहीत. जनरेटर आहे, हे मला वीज गेल्यावर कळलं.

तिथल्या डॉक्टरांनी दाखल करताना तिला विचारलं, काय काय नको ते सांगा. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या बाईला हा प्रश्न फार आवडला. "गाऊन नको," ती म्हणाली, "आणि मला आजी म्हणायचं नाही. मी कुणाची आजी नाही." म्हणून ती 'बाई' झाली. गाऊनचं काम अवघड होतं, कारण कूस बदलताना, पुसताना पातळ आड येतं. रेश्माने तिचं एक जुनं सुती पातळ मधोमध फाडलं, त्याला नाड्या शिवल्या, आणि पदर वेगळा काढून खांद्यावर टाकला. लांबून बघणाऱ्याला आत्या नेहमीसारखी नेसलेली दिसे. मॉर्फिनचा डोस बसल्यावर तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि मला म्हणाली, आमसुलाचं सार आण. दोन चमचे घेतलं. ते दोन चमचे बघून मी व्हरांड्यात जाऊन रडलो, कारण घरी महिनाभर ती वाटीभर जेवते असं आम्हाला वाटत होतं आणि ते सगळं ती कागदात गुंडाळून ठेवत होती, हे स्मिताला नुकतंच कळलं होतं.

सगळं गोडच होतं असं म्हटलं तर आत्याच मला नापास करील. एका दुपारी तिचं औषध दोन तास उशिरा आलं. साठा संपत आल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि ते घेऊन येणारे डॉक्टर रस्त्याच्या कामात अडकले. ते दोन तास मी विसरणार नाही. मी भांडायच्या तयारीतच उभा होतो. डॉक्टर आले, आधी औषध दिलं, मग तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. "बाई, चूक आमची आहे. साठा मी बघायला हवा होता." कारणं दिली नाहीत, रस्त्याच्या कामाचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या कपाटाची एक किल्ली रेश्माकडे आणि रोज सकाळी मोजदाद. मी अजून धुमसत होतो. आत्या म्हणाली, "चूक लपवणाऱ्या शाळेत मी आठ दिवसांनी परत जायचे. कबूल करणाऱ्या शाळेत पुन्हा जायची गरज पडायची नाही. घरी जा आता, जेवून घे."

संध्याकाळी खाटा व्हरांड्यात आणत. आत्याची आणि चाचांची खाट शेजारी. त्यांचा आवाज गेलेला, ते हाताने सांगत आणि आत्या मोठ्याने अंदाज करी. कुठला वारा सुटला की होड्या बाहेर काढायच्या नाहीत, सुरमई कुठल्या महिन्यात किनाऱ्याला येते, हे सगळं ती त्यांच्याकडून शिकली, आणि मला परीक्षेसारखं विचारू लागली. एका दुपारी मी बसलो होतो, ती डोळे मिटून होती. एकदम म्हणाली, "आज वास आला नाही." रेश्मा उशी सारखी करत होती, तिचे हात थांबले. दुसऱ्या कुणी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. रेश्मा खाटेवर बसली. "चाचा सकाळी गेले, बाई. झोपेतच. तुम्ही उठलात की सांगणार होते, मंग धीर होईना." आत्याने तिचा हात धरला. मग मला म्हणाली, "आधी आलो असतो तर चाचांशी आणखी महिनाभर गप्पा झाल्या असत्या." माझ्याबद्दलची तिची एवढीच तक्रार. तीही तिने तक्रार म्हणून केली नाही.

चाचांनंतर अकरा दिवसांनी तीही गेली. तिसऱ्या आठवड्यात रेश्माचा फोन आला. मला वाटलं काही कागदपत्रं राहिली असतील. "काय नाय वो, तुम्ही जेवता-झोपताय ना, ते इचारायला." मी हो म्हटलं, आणि फोन ठेवून दिला. बाराव्याला आलेल्या एका नातलगाने "शेवटी बाहेरच ठेवलीत ना" म्हणून विचारलंच होतं. काही महिन्यांपूर्वी ज्या वाक्याच्या धास्तीने मी यादी करत बसलो, ते वाक्य माझ्या अंगाला लागलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात दुकानात एक मास्तर आले. जवळच्याच गावातले, तोंडओळखीचे. पेन्सिली बघितल्या, फाईल बघितली, ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. शेवटी गर्दी ओसरल्यावर म्हणाले, "तुमच्या आत्याला... तुम्ही कुठेतरी ठेवलं होतं ना? आमच्या आईचं तसंच आहे." आणि मोबाईल काढून त्यांनी यादी दाखवली. नर्स किती, ऑक्सिजन, जनरेटर... मला ती पाठ होती. मी विचारलं, किती दिवस करताय ही? "झाला महिना. भाऊ मुंबईहून म्हणतो घाई नको, अजून दोन-चार ठिकाणं बघ. आणि आईचं काही फारसं म्हणणं नाही हो. कण्हत नाही, काही नाही. विचारलं तर बरं आहे म्हणते."

मी त्यांना दुकानामागे आत्याच्या खोलीत नेलं. तिची घरातली उशी आम्ही अजून टाकलेली नाही. ती रत्नागिरीला गेल्यावर स्मिताने अभ्रा काढला तेव्हा आम्हाला कळलं. उशीचं एक टोक चावून चावून पार चिंध्या झालेलं आहे, आतला कापूस बाहेर आलाय, दातांच्या खुणा अजून दिसतात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती अभ्रा सरकवून उशी तोंडात धरायची. बेचाळीस दिवस. मी भिंतीपलीकडे बसून प्रश्न लिहीत होतो. मास्तरांच्या हातात ती उशी देऊन मी म्हटलं, "आज घरी गेलात की आईची उशी बघा."

त्यांनी त्या खुणांवरून बोट फिरवलं. मग मोबाईल खिशात ठेवला आणि विचारलं, "तुमच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं होता येतं का?"