आबांचा विलायती जोडीदार

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, एका ब्रिटिश नटाचं वेड आहे असं कुणी म्हटलं की ते चिडतात. वेड पोरांना लागतं. "तो मन्हा जोडीदार शे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दोघं एकाच वयाचे, एवढंच काय ते साम्य. आबा रनाळ्याचे, एसटीत कंडक्टर होते. सुरतेला गाडी मुक्कामी असली की सकाळचा वेळ काढायला इंग्रजी सिनेमात जाऊन बसायचे, तिथे त्यांना हा भेटला. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. "त्यानं बोलनं नई समजे, पन चूप बसनं समजे," असं अजून सांगतात.

पुढे मी नंदुरबारला शाळेत शिकवायला लागले, आबा रिटायर होऊन मिरचीच्या शेतीत रमले, आणि मोबाईलवर शोधून शोधून मी त्यांना या माणसाचा सगळा जन्म वाचून दाखवला. बाप मासे विकायचा. शाळा अर्धवट. नाटक कंपनीत पडदे ओढायला लागला. पहिल्या सिनेमात नुसता चहाचा ट्रे घेऊन येतो आणि जातो. मग पोलीस, हेर, खुनी, लष्करातला साहेब. नाव झालं आणि पाठोपाठ दारू आली. बायको सोडून गेली. त्यानंतर बरीच वर्षं तो पोटासाठी मिळेल ते करत राहिला. एकात तर रबराचा मुखवटा घालून पोरांना घाबरवतो. आबांनी ते सिनेमेही कपाळावर हात मारत पाहिले. "नोकरी करी ऱ्हायना बिचारा," म्हणायचे. म्हातारपणी त्याने एका विधुर शेतकऱ्याचं काम केलं आणि त्याला मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा आबांनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या हिवाळ्यात, मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले होते, तेव्हा आबांचा फोन आला.

"बाई, मन्हा जोडीदार गया."

हातातला घास हातातच राहिला. मी धसकले ते आबांच्या आवाजाने, तो नीट फुटतच नव्हता. आई गेली तेव्हाही हा माणूस असा बोलला नव्हता. त्यांना सावरायचं म्हणून आपण कुणालाही बोलतो तेच मी बोलले.

"वय व्हयेल व्हतं ना त्यानं, आबा. हाल नई व्हयनात. सोनं व्हयनं त्यानं."

पलीकडे काहीच नाही. मग, "हां. खरं शे," आणि फोन बंद.

तासाची घंटा झाली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याच्याबद्दल काय काय छापून आलंय ते बघावं म्हणून मोबाईल उघडला, तर गृहस्थ ठणठणीत! कुठल्याशा समारंभात काठी टेकत हसत उभा, आणि फोटो त्याच दिवशीचा. मला हसूच फुटलं. कुठल्या तरी ग्रुपवरची अफवा आमच्या आबांनी गिळली होती. फोन लावला, उचलेनात. तोंडावर सांगायची गंमत वेगळी, म्हणून मिळाली ती गाडी पकडून रनाळे गाठलं.

ओट्यावर आबा बसले होते. शेजारी फुई, त्यांची थोरली बहीण. मी पायरीवरूनच ओरडले, "आबा, जित्ता शे तो!"

"माले मालूम शे," आबा म्हणाले.

मी फुईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. तिने मला जवळ ओढलं, माझे डोळे निरखले आणि विचारलं, "तू रडनी का नई?"

"कशासाठी?"

तेव्हा कळलं. सकाळी खळ्यात मिरच्या वाळत घालताना आबांच्या डोक्यावर कावळा बसला होता. आमच्याकडे हे मरणाचं बोलावणं. त्यावर उतारा एकच: माणूस मेला असा खोटा निरोप जवळच्या नातलगाला धाडायचा. तो खरोखर रडला की मरण फसतं आणि परत जातं. मग खरं सांगून तोंड गोड करायचं. लेकीचं रडणं सगळ्यात पावतं म्हणे. फुई मला तसा निरोप धाडायला निघाली होती, पण आबा अडून बसले होते.

"मन्हं मरन तुले कळवाले मन व्हयनं नई," आबा खाली बघत म्हणाले. "म्हनीसन त्यानं मरन सांगं. त्यानाकरता बी तू रडशी, असं वाटनं."

कावळ्यावर माझा काडीचा विश्वास नाही, वर्गात मुलांना मी तेच सांगते. पण आबांनी फोन कानाला लावून माझं रडणं ऐकायची वाट पाहिली होती, आणि मी त्यांना म्हटलं होतं, वय झालं होतं, सोनं झालं. त्यांच्याच वयाच्या माणसाबद्दल! नंतर मी डबा संपवला होता, भाजी चांगली झाली होती. तिथे ओट्यावर उभी असताना मला हे सगळं एकदम आठवलं.

"आबा, मी तुमच्याबद्दल नाही हो..." घरात मी कधी शाळेची मराठी बोलत नाही, त्या वेळी तीच आली.

"मालूम शे ना बाई," ते म्हणाले. "तू बठ. पानी पी."

त्यांनी तांब्या पुढे केला. हात म्हातारा झाला होता. शिरा वर आल्या होत्या, कातडी सैल पडली होती. रोज बघणाऱ्यालाही दिसलं असतं, मी तर महिन्याने यायची. मला रडू फुटलं. लहानपणी पडल्यावर रडायचे तसं तोंड उघडून, आवाज काढून.

समोरच्या घरातून बायका बाहेर आल्या. आबा गोंधळून उठले, माझ्या पाठीवर थोपटायला लागले.

फुईने मान हलवली. ती माझ्यावर चिडली नव्हती. भाऊ हातचा जाणार याची तिला भीती होती.

"आता काय उपेग?" ती म्हणाली. "तो समोर जित्ता उभा शे. हाई रडनं चाले नई."

ते मला ऐकू येत होतं, तरी माझं रडणं थांबेना.