एकोणीसचा पाना

गाडीचं तेल बदलायला मी नाइलाजानं शिकले, असं मी पाहुण्यांना सांगते. ते ऐकायला बरं वाटतं. खरी गोष्ट अशी की मला आत काय चाललंय ते पाहायचं होतं. लहानपणी आईचं शिवणयंत्र उघडून बसले म्हणून मी धपाटा खाल्ला होता. लग्नानंतर यंत्राच्या जागी जीप आली आणि धपाटा घालणारं माणूस बदललं, एवढाच फरक.

तिवशाच्या अलीकडे, नागपूर रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. घर माळ्याचं, त्यामुळे फुलं आणि भाजीपाला पहिल्यापासून होताच, पण मोठा तुकडा कपाशीचा. त्या वर्षांत कपाशीनं साऱ्या वऱ्हाडाला रडवलं. अळी यायची, अळी नाही आली तर पाऊस दगा द्यायचा, आणि दोन्ही निभावलं तर भाव नसायचा. कोणाच्या दारात चार माणसं एकत्र उभी दिसली की आधी छातीत धस्स व्हायचं, मग कळायचं की नुसत्या गप्पा चालल्यात. आम्ही कपाशी निम्मी केली आणि झेंडू वाढवला. अमरावतीच्या बाजारात वेळेवर पोचला तर झेंडू, नाही तर तो नुसता पाला. म्हणून बैलजोडी आणि बंडी विकून आम्ही मागे हौदा असलेली एक जुनी डिझेल जीप घेतली.

बैल गेले त्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवल्या नाहीत. पोळ्याला गोठ्यात नुसती दावी लटकत होती. त्यांनी त्या दाव्यांनाच हळदकुंकू लावलं आणि जीपकडे न बघता घरात गेल्या.

जीपचं तेल दर काही महिन्यांनी बदलायला लागायचं. ह्यांची कंबर पोती उचलून उचलून कायमची धरलेली. गाडी चालवायला हे वाघ, पण गाडीखाली शिरायचं म्हटलं की लगेच कण्हायला लागायचे. फाट्यावर एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रींचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा गिऱ्हाइकाशी अस्सल वऱ्हाडी बोलत, आणि इंजिनाशी हिंदी. पहिल्या दोन वेळा त्यांनी तेल बदललं आणि मी शेजारी उकिडवी बसून "हे काहून? ते काहून?" करत राहिले. तिसऱ्या वेळी त्यांनी एकोणीस नंबरचा पाना माझ्या हातात दिला. "इतना पूछती, तो खुदच कर ले."

तेव्हापासून मी त्यांच्या इंजिनात सामील झाले, कारण माझ्याशीही ते हिंदीच बोलायला लागले.

मी शिकले ते असं. तेल काढायचं ते इंजिन गरम असताना, म्हणजे घाण तेलाबरोबर वाहून येते. खालचा बोल्ट शेवटच्या आट्याला आला की हात झटक्यात बाजूला घ्यायचा, नाही तर कोपरापर्यंत भाजतं. माझ्या उजव्या कोपरावर तो धडा अजून आहे. फिल्टरला पाना लावायचा नाही, तो हातानंच बसवायचा, आधी त्याच्या रबरी कड्याला बोटभर तेल लावून. बोल्ट मात्र आधी बोटानं आणि मग पान्यानं. किती आवळायचा ते चाचा सांगायचे, "इतना, कि बोल्ट को लगे किसीने हात पकड़ा है. गला नहीं दबाना."

पण माझं खरं चित्त जायचं ते निघालेल्या तेलात. घालताना मधासारखं असलेलं तेल दुसऱ्याच दिवशी काळं का होतं, हे मला कळेना. मला वाटलं दुकानदारानं फसवलं. चाचा हसले. "काला हुआ मतलब काम कर रहा. गोरा रहा तो समझ, कामचोर है." मग मी मोडक्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक काढून काळ्या तेलातून फिरवायला लागले. त्याला बारीक लोखंडी चुरा चिकटायचा, कधी जास्त, कधी कमी. एकदा जुना फिल्टर करवतीनं कापला. आत कागदाच्या घड्या होत्या, नव्या पातळाच्या निऱ्यांसारख्या, आणि प्रत्येक निरीत काळा गाळ. जीप इतके महिने आतल्या आत चाळत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता! मला त्या कागदाचं फार कौतुक वाटलं. मी तो घरात आणून दाखवला आणि ओट्यावर तेल सांडलं म्हणून बोलणी खाल्ली.

गावात अर्थातच चर्चा. "बाई गाडीखाली अन् गडी ओट्यावर!" हे शांतपणे सांगायचे, "मी डायवर हावो. डाक्टर हे हाय." पण मला ठाऊक होतं, एकदा काही चुकलं की हे हसणं हसणं राहणार नाही.

आत्याबाई हसत नव्हत्या आणि बोलतही नव्हत्या. एकदाच त्यांनी जवळ येऊन विचारलं, "काय पाहून राहिली वं एवढी खाली?"

"इंजिनाचं पोट, आत्याबाई."

"आमच्या बंडीच्या आखालेबी वंगन लागे. म्या एकडाव हात लावला, त माहा बाप केवढा वरडला! बाईनं आखाले हात नाई लावायचा म्हने." एवढं बोलून त्या निघून गेल्या. मला वाटलं, हा मला टोमणा होता.

बैल गेल्यावर त्यांची सारी भक्ती खंडेनवमीवर आली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली झाडून सारी अवजारं त्या धुऊन पुसून पाटावर मांडायच्या. विळे, कोयते, फावडी, आणि आता जीपचे पानेही. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. अवजारांना एक दिवस तरी विसावा पाहिजे, हा त्यांचा कायदा. जीपला मात्र सूट होती. ज्याच्या झेंडूवर गावोगावची अवजारं पुजली जातात, त्या माळ्याच्या गाडीला त्या दिवशी कसली आली सुट्टी?

त्या वर्षी झेंडू चांगला आला होता. कपाशीनं हात वर केलेले, त्यामुळे सारी भिस्त दसऱ्याच्या दोन फेऱ्यांवर. पहिली फेरी दसऱ्याच्या पहाटे, असं ठरलं होतं. मी म्हटलं, एवढं ओझं न्यायचं तर ताज्या तेलावर जाऊ दे. शिवाय पोळ्याला बैल न्हाऊ घालतात, तशी आपली जीपही पूजेला नव्या तेलानं उभी राहू दे. ही हौस माझीच, कोणी सांगितलं नव्हतं.

नवमीच्या सकाळी मी तेल काढलं. शेवटचा थेंब गळू दिला. नवा फिल्टर हातानं बसवला, बोल्ट बोटानं फिरवून लावला आणि पाना घ्यायला हात मागे केला, तोच वावरातून हाक आली. तोडणीच्या बाया आल्या होत्या, पोती द्यायची होती. मी गेले. परत आले तर पायरीवर पाना नव्हता. तो पाटावर होता, बाकीच्या पान्यांच्या रांगेत, कपाळाला हळदकुंकू आणि उशाला झेंडूचं फूल. आत्याबाई डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या.

मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एक तर त्यांच्या तोंडावर बैल गेल्यापासून प्रथमच समाधान दिसत होतं. दुसरं म्हणजे, आधी बोल्ट आवळ आणि मगच बाकीचं, हे चाचांनी मला शंभरदा बजावलं होतं, आणि तेच मी विसरले हे मला कोणापुढे कबूल करायचं नव्हतं. गाडी उद्या पहाटे जायची, तेव्हा पूजा उतरेल, दोन मिनिटांत आवळून टाकू. असा हिशोब करून मी नवं तेल ओतलं. खाली वाकून पाहिलं तर एक थेंब नव्हता. मी निवांत वावरात गेले.

दुपार कलली तेव्हा जीपचा आवाज ऐकू आला. आमच्या जीपचा आवाज मी झोपेतही ओळखते. आधी वाटलं, पूजेसाठी पुढे घेतायत. पण आवाज फाट्याकडे जाऊन विरला. बांधावरची एक बाई म्हणाली, "निरोप आलता ना अमरावतीहून. उद्या भाव पडंन म्हने. भरली अन् गेले."

मी अनवाणीच पळाले. जीप भरलेली, रस्ता खड्ड्यांचा, बोल्ट नुसता बोटानं लावलेला. तेल कमी झालं की लागणारा लाल दिवा तर केव्हाचा बंद पडलेला, म्हणजे इंजिन कोरडं पडलं तरी ह्यांना कळणार नव्हतं. इंजिन जाम झालं तर झेंडू रस्त्यावर, जीप भंगारात, आणि बैल काही परत येणार नव्हते. आणि मला पुन्हा कोणी गाडीखाली जाऊ दिलं नसतं, ते बरोबरच झालं असतं. मोबाइल तेव्हा गावात दोघातिघांकडे होते, आमच्याकडे नव्हता.

आत्याबाई पाटासमोरच बसल्या होत्या. मी हात पुढे केला.

"देवाले हात लावशीन?"

"आत्याबाई, बोल्ट ढिला राहिला. माह्या हातानं राहिला. गाडी गेली."

त्यांनी पाटावर हात आडवा धरला नाही. मी पाना उचलला. फूल घरंगळून खाली पडलं. उरलेल्या तेलाचा डबा काखेत मारला आणि फाट्यावर येऊन पहिली काळीपिवळी पकडली. तिच्यात आधीच चौदा माणसं होती. मी दाराशी लटकून रस्ता बघत होते. नवं तेल डांबरावर दिसत नाही, पण गतिरोधकाशी गाडी हळू झाली की तिथे एक ओला ठिपका दिसायचा. पुढच्या गतिरोधकाशी तो मोठा झालेला. एका म्हाताऱ्यानं माझ्या हातातला कुंकवाचा पाना पाहून विचारलं, "कोन्त्या देवाले चालली वं माय?"

पाच-सहा मैलांवर एक चहाची टपरी आहे. ह्यांना कुठलीही टपरी ओलांडून पुढे जाता येत नाही. त्या सवयीवरून मी आयुष्यभर भांडले आहे. तिथे आमची जीप उभी होती आणि हे बशीत फुंकर घालत होते.

"अवं, तू काहून आली?"

मी थेट गाडीखाली गेले. बोल्टावर थेंबामागून थेंब धावत होते. बोट लावलं तर तो गरगर फिरला, सुटायला दोनच आटे उरले होते. ती टपरी आणखी थोडी पुढे असती तर काय झालं असतं, हे मी आजही मोजत नाही. बोल्ट आवळला, हात धरल्यासारखा. तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. डब्यातलं सारं ओतलं. मग ह्यांना गाडी सुरू करायला सांगितली, पान्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं आणि दुसरं कानाला. चाचा असंच ऐकायचे. आत कुठे ठकठक असेल तर ती पान्यातून थेट कानात येते. मी श्वास रोखून ऐकलं. एकसारखी घरघर, दुसरं काही नाही. तेव्हा मला रडू फुटलं. ह्यांनी माझ्यासाठी एक चहा सांगितला.

मी तशीच अमरावतीपर्यंत गेले, दर थांब्याला खाली वाकत. झेंडू खपला. रात्री घरी आलो तर आत्याबाई दारात उभ्या होत्या. आधी त्यांनी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसला बोल्ट?"

"बसला."

"कान धू. कुंकू लागलं हाय." माझ्या हातातून पाना घेऊन त्यांनी पदरानं पुसला आणि पुन्हा पाटावर ठेवला. त्यावर आमच्यात वर्षभर एक शब्द झाला नाही. ह्या गप्प बसण्याला मी राग समजत राहिले.

पुढच्या खंडेनवमीला मी शहाणपण करून तेल चार दिवस आधीच बदलणार होते. पण जीप सारखी धावत होती, आणि पुन्हा नवमीच उजाडली. मी पाने शोधायला आले तर पाट मांडून झाला होता. विळे, कोयते, पाने, सारं ओळीनं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. मग दिसलं, पान्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती.

"आत्याबाई, एकोणीसचा कुठं हाय?"

त्यांनी हनुवटीनं अंगणाकडे खूण केली. जीपच्या चाकाशी एक धुतलेलं पोतं अंथरलं होतं. त्यावर पाना.

"त्याले नाई बसवलं. तुले लागते." त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत अंगणात आल्या आणि पदर कमरेला खोचून पोत्यावर बसल्या. "सरक इकडं. मलेबी पाहू दे, काय असते पोटात."

आम्ही दोघी शेजारी शेजारी आडव्या झालो. मी त्यांचं बोट धरून बोल्टावर नेलं.

"गरम हाय वं," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला.

मी पाना त्यांच्या हातात दिला.