पांझरेची ओली वाळू

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच्या पुढच्या वर्षी, शिमग्याआधीच्या रविवारी, धुळ्याच्या एका गिरणीच्या मैदानावर जळगावहून आलेल्या संघाच्या हाफबॅकने चाळीस हातांवरून चेंडू जमिनीलगत सोडला. चेंडूला जोर नव्हता. गिरणीचा फुलबॅक तो अडवायला पुढे झाला. चेंडू त्याच्या पायाजवळ एकाएकी उजवीकडे वळला आणि गोल झाला. सामना एक-शून्य सुटला. हाफबॅक मी बसलो होतो तिथवर चालत आला आणि म्हणाला, "लिखी ठेवा, भाऊ."

लिहून ठेवा, असे तो मला नऊ वर्षे सांगत होता. मी धुळ्याच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. राहायला देवपुरात, आणि रविवारचे सामने माझ्याकडे.

तुमच्यापैकी ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना आठवेल, गिरण्या तेव्हा खेळाडू पाळत. खेळाडू नावाला कामगार असे. हा माणूस आधी धुळ्याच्या याच गिरणीत होता आणि हजेरीपटावर तेलवाला होता. सांच्यांना, म्हणजे मागांना, तेल घालणे हे त्याचे काम. तेलाची बुधली कोणत्या हातात धरतात हे त्याला माहीत नसावे. राहायला गिरणीच्या चाळीत खोली होती. तिथे तो आणि त्याची बायको राहत.

हाफबॅकचे काम मधल्या पट्टीतले. पुढच्याने गोल केला की लोक पुढच्याला खांद्यावर घेतात, मागच्याने वाचवला की मागच्याला. मधला पळत राहतो. हा अनवाणी खेळे. उजव्या अंगठ्याला बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. बायको म्हणे, याच्या अंगठ्यापायी माझे एक लुगडे धड राहत नाही.

धुळ्याची जमीन काळी. माघ सरला की तिला भेगा पडतात, त्यात तळहात उभा जातो. म्हणून रिवाज असा होता की, सामन्याच्या सकाळी यजमान संघाच्या कप्तानाने माणसे लावून भेगांत पांझरेची वाळू भरायची, पाणी मारायचे आणि धुमसाने ठोकून घ्यायची. गिरणीचे कप्तान होते आप्पा. वर सांगितलेले फुलबॅक ते हेच.

त्या रविवारच्या नऊ वर्षे आधी, एका अंतिम सामन्याच्या सकाळी आप्पांनी ती माणसे मॅनेजरसाहेबांच्या पाहुण्यांचा मांडव घालायला पाठवली. गोलजवळची भेग तशीच राहिली. दुपारी हाफबॅकने गोलकीपरकडे परत दिलेला चेंडू त्या भेगेवर वळला, समोरच्यांनी तो आत ढकलला आणि कप गेला. आप्पांनी साहेबांना सांगितले, हाफबॅक विकला गेला. हाफबॅकने भेगेचे सांगितले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी साहेबांना मैदानावर नेले. मीही गेलो. भेग नव्हती, वाळू ठोकून बसवलेली होती. वाळू ओली होती. ओली का, हे मी विचारले नाही. 'हाफबॅक विकला गेला' या मथळ्याची बातमी मी दिली.

नाव हजेरीपटावरून कमी झाले. खोली दोन दिवसांत सोडावी लागली. बायको शिंदखेड्याला माहेरी गेली. तिच्या वडिलांनी निरोप पाठवला, नाव धुऊन या, मग न्यायला या.

तिथून त्याची फिरती सुरू झाली. जळगावची एक गिरणी, मग रेल्वेवाले, मग पोलीस, पुन्हा जळगाव. प्रत्येक ठिकाणी एक हंगाम. हंगाम संपायच्या आत कोणीतरी माझ्या बातमीचे कात्रण तिथे पोचवी. जळगावला मेहरूणच्या मैदानावर तर एका प्रेक्षकाने ते भर खेळात मोठ्याने वाचले. हा खेळत राहिला. एक कात्रण त्याच्या स्वतःच्याही कनवटीला असे.

संघ कोणताही असो, धुळ्याला सामना असला की तो आधी माझ्या कचेरीत येई. बसत नसे. आज आप्पांच्या अंगावर खेळणार, एवढे सांगे आणि "लिखी ठेवा, भाऊ" म्हणून जाई. मी एकदा विचारले, इतक्या वर्षांनी काय मिळणार? तो म्हणाला, "तुमनं कात्रण जुनं व्हस का, भाऊ? मंग मी कसा व्हसू?"

शिमग्याआधीच्या त्या रविवारी सकाळी मी त्याला मैदानावर पाहिले. चपला हातात, पायाने चाचपत चाचपत चालत होता. गोलजवळ तो थांबला आणि वाकून त्याने जमिनीत हात घातला. विचारले तर म्हणाला, जमीन देखस. आप्पांची माणसे त्या दिवशीही मांडव घालत होती.

दुपारी सामना सुटल्यावर तो आधी आप्पांकडे गेला होता, मग माझ्याकडे आला. मांडवातल्या साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने त्याने विचारले होते, "कोनले इकाई गयात, आप्पा?"

आपण विकले गेलो नाही हे दाखवायला साहेबांनी आप्पांना सोमवारी दुपारपर्यंतची मुदत दिली. सोमवारी सकाळी आप्पा माझ्या कचेरीत आले. हाफबॅक आधीच येऊन उभा होता. आप्पा पन्नाशीला आलेले, चाळीत बायको आणि तीन मुली. त्यांनी हात जोडले.

"भेग तुला ठाऊक आहे. साहेबांना सांग. तू सांगितलेस तर ऐकतील."

"सांगसू. पहिले ती जुनी भेग सांगा. भाऊ लिखतीन."

आप्पांनी सांगितले. मांडवाचे, पहाटे भरलेल्या वाळूचे, सगळे. मी लिहिले, त्यांनी सही केली. हाफबॅकने कागद दोनदा वाचून माझ्याकडे दिला. त्याच्या अंगठ्याची चिंधी ओली होती. ओली का, हे मी विचारले नाही.

दुपारी साहेब, आप्पा, हाफबॅक आणि मी मैदानावर गेलो. आप्पा पुढे होते. गोलजवळ जाऊन ते थांबले, दोन पावले डावीकडे गेले, पुन्हा उजवीकडे आले. भेग नव्हती. वाळू ठोकून बसवलेली होती.

साहेबांनी हाफबॅकला विचारले, काल इथे भेग होती का?

तो म्हणाला, "वाळू भरेल शे, साहेब."

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. "ओली आहे," ते म्हणाले. "भाऊ, ओली आहे हे लिहा."

मंगळवारी आप्पांचे नाव हजेरीपटावरून कमी झाले. गुरुवारी खोली रिकामी झाली. शुक्रवारच्या अंकात दुसऱ्या पानावर आप्पांच्या सहीचा जुन्या सामन्याचा खुलासा आला. नव्या सामन्याबद्दल, साहेबांच्या पाहणीत भेग आढळली नाही, एवढेच आले.

शुक्रवारी हाफबॅक कचेरीत आला. त्याने कनवटीचे कात्रण माझ्या टेबलावर ठेवले आणि अंक उचलला.

शिंदखेड्याच्या मोटारीत चढताना मी त्याला पाहिले. अंक काखेत होता. अंगठ्याला चिंधी नव्हती.