मैनाबाई नाव घेते

साता समुद्रापार कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. चांदूर बाजाराजवळच्या त्या खेड्यात वेचणाऱ्या बायांचा असा तोरा वाढला, की पाटलीणही त्यांना 'या बाई, बसा बाई' करू लागली. मैनाबाईच्या वावरात मात्र बाया आपण होऊन यायच्या. तिचा आवाज वावराच्या या बांधावरून त्या धुऱ्यावर जायचा. थट्टा तीच करायची, पाणउताराही तीच करायची, अन् बायांचे हात भराभर चालायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिला लकवा मारला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. महिन्याभरानं पाय थोडा उचलू लागला आणि तोंडातून एकच शब्द फुटला, 'सूर्यभान'. नवऱ्याचं नाव! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता तहान लागली तरी सूर्यभान, चूल विझली तरी सूर्यभान. डोक्यात सगळं लख्ख होतं. 'पाणी' म्हणायचं ठरवून ती तोंड उघडायची आणि पुन्हा तेच बाहेर पडायचं. चिडून डाव्या हातानं कपाळ बडवून घ्यायची.

सासू पार्बताबाईनं कानांवर हात ठेवले. "नवऱ्याचं नाव घेऊन राहिली! आयुष्य कमी होते त्याचं. तोंडाले पदर लावून घरात बस."

नाव घेतल्यानं माणसं मरत असती, तर गावच्या पाटलाचं बारावं कधीच उरकलं असतं. पण मैनाबाई तोंडाला पदर लावून घरात बसली. तिचा आवाज थांबला तशा बाया शेजारच्या जानरावाच्या वावराकडे वळल्या. इकडे पऱ्हाटीची बोंडं फुटून पांढरी झालेली. वेळेवर वेचला नाही तर वर्षाचा कापूस मातीत जाणार होता. ते नुसतं बघत राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं. एका सकाळी तिनं पदर खोचला, काठी घेतली आणि सासूच्या देखत पाय ओढत वावर गाठलं.

धुऱ्यावर उभी राहून तिनं सगळा जीव एकवटून बायांना हाक दिली, "सूर्यभाऽन!"

जानरावाच्या वावरातल्या बाया आधी थबकल्या, मग खुदखुदल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी काठीनं आपली पऱ्हाटी दाखवत ती पुन्हा ओरडली.

सूर्यभान धुऱ्याजवळच गाडीला बैल जुंपत होता. जानराव पलीकडून त्याला म्हणाला, "भाऊ, तुही बायको तुले नावानं हाका मारून राहिली, अन् तू आयकून राहिला?"

सूर्यभानची मान खाली गेली. मैनाबाईचा जीव टांगणीला लागला. हा आता 'घरी जाय' म्हणाला, की संपलं.

"ओऽ! आलो!" सूर्यभान अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडला. बैल सोडून तो आला, बायांसारखी कापसासाठी कमरेला ओटी बांधली आणि वेचायला वाकला.

हसणं थांबलं. म्हातारी सुभद्रा धुरा ओलांडून आली. तिच्यामागं दुसरी, मग बाकीच्या. मैनाबाई काठी टेकत ओळीओळीतून फिरू लागली. बायांचं काम चोख होतं. नवऱ्यानं मात्र बोंडाबोंडात अर्धा कापूस तसाच सोडला होता.

"सूर्यभान!" ती खेकसली.

या वेळी तिला दुसरं काही म्हणायचंच नव्हतं.